मोहन बागान की ईस्ट बंगाल? : कलकत्त्याच्या फुटबॉलवादाची शंभर वर्षे

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या दोन फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांमधला वाद १९२० च्या दशकात सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही. तो मैदानात जितका झाला, त्याहून कितीतरी जास्त मैदानाबाहेर झाला. कलकत्त्याच्या जुन्या पाड्यांत घराला रस्त्याच्या बाजूने एक अरुंद ओटा असतो. बंगालीत त्याला ‘रॉक’ म्हणतात आणि त्यावर बसून रंगणाऱ्या गप्पांना ‘अड्डा’. शहराचा फुटबॉलवाद या ओट्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर, ट्राममध्ये आणि मासळीबाजारात वाढला. सामन्याचा निकाल दीड तासात लागतो. वादाचा लागत नाही, कारण दर पिढीने भांडायला नवा मुद्दा शोधला.

हे दोन क्लब समोरासमोर येण्याआधी कलकत्त्यात फुटबॉल होता तो साहेबांचा. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या शाळकरी मुलाने १८७७ मध्ये गोऱ्यांच्या मैदानाबाहेर आलेला चेंडू पायाने परत धाडला आणि मग सवंगड्यांना जमवून खेळ सुरू केला, ही गोष्ट बंगालमध्ये आजही सांगतात. १८९२ मध्ये शोभाबाजार क्लबने ट्रेड्स कप स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटला हरवले. पुढच्याच वर्षी इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आयएफए, स्थापन झाली आणि तिची शील्ड स्पर्धा सुरू झाली. नावात ‘इंडियन’ असले तरी ही संघटना आज फक्त बंगालचा कारभार पाहते, ही एक गंमतच. मोहन बागान त्याआधी, १५ ऑगस्ट १८८९ रोजी, उत्तर कलकत्त्यातल्या मोहन बागान व्हिला नावाच्या वाड्याच्या आवारात सुरू झाला होता.

२९ जुलै १९११ या दिवशी या क्लबने शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली, अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. अकरा जणांपैकी दहा अनवाणी होते. फक्त सुधीर चटर्जी यांच्या पायांत बूट होते. मैदानावर इतकी गर्दी होती की मागच्यांना काहीच दिसत नव्हते, तेव्हा पतंग उडवून गोलसंख्या कळवली गेली. पूर्व बंगालच्या गावांतून लोक आगगाडीने आणि बोटीने आले होते. हा तपशील पुढच्या कथेसाठी महत्त्वाचा आहे, कारण त्या दिवशी ‘मोहन बागान कोणाचा’ हा प्रश्नच नव्हता. भादुडी बंधू स्वतः पूर्व बंगालचे. संघातले आणखीही काही जण तिकडचे. क्लब सगळ्या बंगालचा होता, आणि समोर सरकारचे सैनिक होते.

त्या काळातला वाद खेळाडूंच्या निवडीवर नव्हता, पायांवर होता. अनवाणी पायाला चेंडू कळतो, बुटाला कळत नाही, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू पावसाकडे बोट दाखवी. कलकत्त्याचा फुटबॉल मोसम ऐन पावसाळ्यात येतो आणि चिखलात अनवाणी खेळाडू घसरतो. १९११ च्या विजयाने पहिल्या बाजूला असा पुरावा मिळाला की दुसरीला तोंड उघडायला जागा राहिली नाही. १९३० च्या दशकात मोहम्मेडन स्पोर्टिंगचे खेळाडू ओल्या मैदानात बूट घालून उतरू लागले आणि जिंकू लागले, तेव्हा पारडे फिरले. तरी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच होते आणि फ्रान्सशी जेमतेम २-१ ने हरले, म्हणजे अनवाणी पक्षाला बोलायला पुन्हा तोंड मिळाले. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढवले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि चाळीस वर्षांचा हा वाद एका झटक्यात निकाली निघाला. कलकत्त्याच्या फुटबॉलमधला पूर्ण मिटलेला वाद बहुधा हा एकच.

दुसरा, न मिटणारा वाद सुरू झाला तो संघनिवडीच्या रुसव्यातून. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार कप स्पर्धेत जोडाबागान आणि मोहन बागान यांचा सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस यांना संघातून वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी कारण विचारले, पटेल असे उत्तर मिळाले नाही, आणि शैलेश बोस पूर्व बंगालचे म्हणूनच डावलले गेले असा त्यांचा समज झाला. ते स्वतः तिकडच्या जमीनदार घराण्यातले. त्यांनी क्लब सोडला आणि चारच दिवसांत, १ ऑगस्टला, ईस्ट बंगाल क्लब उभा केला. नावातच बाणा होता.

पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांना ‘घटी’ म्हणतात आणि पूर्वेकडून आलेल्यांना ‘बांगाल’. घटी म्हणजे खरे तर तांब्या. दोन्ही शब्द मुळात एकमेकांना हिणवण्यासाठीच वापरले जात, नंतर ज्याचे त्याने ते अभिमानाने मिरवले. बोलीतला फरक, स्वयंपाकातली साखर, लग्नातले विधी यांवरून दोघांत आधीपासून चिमटे चालत. त्या चिमट्यांना आता दोन जर्सी मिळाल्या, एक हिरवी-किरमिजी आणि एक लाल-पिवळी.

तरी पहिली काही वर्षे हे दोघे मोठ्या स्पर्धेत भेटलेच नाहीत. कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात दोनहून जास्त भारतीय क्लब घ्यायचे नाहीत असा नियम होता आणि त्या जागा आधीच भरलेल्या होत्या. ईस्ट बंगालने त्याविरुद्ध झगडा केला, नियम बदलला, आणि १९२५ मध्ये क्लब वर आला. २८ मे १९२५ रोजी झालेल्या लीगमधल्या पहिल्या लढतीत नेपाल चक्रवर्ती यांच्या गोलवर ईस्ट बंगाल १-० ने जिंकला. आज ‘बडो मॅच’, मोठा सामना, एवढे म्हटले की कलकत्त्यात कोणाचा हे विचारावे लागत नाही.

भांडण दोघांचे म्हणून सांगितले जाते, पण मधली काही वर्षे तिसऱ्याचीच होती. मोहम्मेडन स्पोर्टिंगने १९३४ मध्ये लीग जिंकली. लीग जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. आणि मग सलग पाच वर्षे, १९३८ पर्यंत, ती सोडली नाही. संघात देशभरातून आणलेले खेळाडू होते. मोहन बागानला पहिले लीग विजेतेपद १९३९ मध्ये मिळाले, ईस्ट बंगालला १९४२ मध्ये. त्या दशकाच्या धार्मिक राजकारणाची झळ मैदानालाही बसली, आणि फाळणीनंतर मोहम्मेडनचा दबदबा ओसरला.

फाळणीने ईस्ट बंगालचा अर्थच बदलला. १९४७ नंतर पूर्वेकडून लाखो माणसे आली. शहराच्या दक्षिणेला जादवपूर, विजयगड अशा भागांत निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घर गेले, शेत गेले, नदी गेली. ज्या प्रदेशाचे नाव नकाशावरून पुसले जात होते ते नाव एका क्लबच्या फलकावर मात्र शाबूत होते. १९२० मध्ये एका खेळाडूच्या अपमानातून निघालेला क्लब आता एका गमावलेल्या मुलखाचा वारस ठरला. म्हणूनच या वादात मासे आले. ईस्ट बंगाल जिंकला की पद्मा नदीची आठवण म्हणून हिलसा, मोहन बागान जिंकला की कोळंबी. सामन्याच्या संध्याकाळी बाजारात जिंकलेल्या बाजूच्या माशाचा भाव चढतो, हे कलकत्त्यात गृहीत धरलेले असते.

गंमत अशी की हा मातीचा अभिमान ज्या पायांवर उभा होता ते पाय बंगालचे नव्हते. १९४९ ते १९५३ या वर्षांत ईस्ट बंगालची पुढची फळी म्हणजे अहमद खान, साले, अप्पाराव, वेंकटेश आणि धनराज. पाचही जण दक्षिणेतून आलेले. लोकांनी त्यांना ‘पंचपांडव’ म्हटले. १९४९ मध्ये या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स कपही नेला. कूपरेजवरची ही स्पर्धा बंगाली क्लबांना तोवर अनोळखी नव्हती. मोहन बागान १९२३ मध्येच तिच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. क्लब मातीचा असावा की खेळाडू मातीचे, हा प्रश्न पंचपांडवांनी उभा केला आणि चाहत्यांनी तो सोयीने सोडवला : जो आपल्या जर्सीत गोल करतो तो आपला.

मग तो आपला दुसऱ्या वर्षी पलीकडे गेला तर? यातून ‘दलबदल’ नावाचा वार्षिक सोहळा जन्माला आला. खेळाडूंना सही करण्यासाठी आयएफएच्या कचेरीत जावे लागे. त्या दिवसांत क्लबचे कार्यकर्ते हव्या त्या खेळाडूला आधीच गाठून कुठेतरी दडवून ठेवत, दुसऱ्या बाजूचे त्याचा माग काढत, आणि सहीच्या वेळी कचेरीबाहेर सामन्यासारखी गर्दी उसळे. वर्तमानपत्रे याच्या बातम्या पहिल्या पानावर देत. १९८५ मध्ये कृशानु दे आणि विकास पांजी ही मोहन बागानची जोडगोळी ईस्ट बंगालला गेली, तेव्हाची चर्चा सामन्यांपेक्षा मोठी होती.

निष्ठेच्या या मोजपट्टीवर चुनी गोस्वामी सगळ्यांत वर. १९५४ ते १९६८ ते फक्त मोहन बागानकडून खेळले. त्यांच्या बरोबरीचे प्रदीपकुमार तथा पी. के. बॅनर्जी मात्र तिन्ही मोठ्या क्लबांपैकी एकाकडूनही कधी खेळले नाहीत. ते ईस्टर्न रेल्वेचे, आणि १९५८ ची लीग ईस्टर्न रेल्वेने जिंकली. ‘चुनी की पी. के.’ या वादात अडचण अशी की पी. के. कोणत्याच बाजूचे नव्हते, म्हणून दोन्ही बाजूंना ते पुराव्यासाठी वापरता येत. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी दोन्ही क्लब सांभाळले, आणि मग दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

ज्यांना मैदानात जाता येत नसे त्यांच्यापर्यंत वाद पोचवला रेडिओने. अजय बसू, पुष्पेन सरकार आणि कमल भट्टाचार्य यांचे बंगालीतले धावते वर्णन घराघरात ऐकले जाई. त्यामुळे स्वयंपाकघरातही पक्ष पडले. १९७६ च्या ‘मोहनबागानेर मेये’ या चित्रपटात उत्पल दत्त यांनी कट्टर मोहन बागानप्रेमी सासरा रंगवला आहे. त्याला सूनही आपल्याच क्लबची हवी असते. चित्रपट विनोदी होता, पण प्रेक्षकांना परिस्थिती नवी नव्हती.

सत्तरचे दशक हे या वादाचे सर्वांत तापलेले दशक. ईस्ट बंगालने १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे लीग जिंकली. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानला ५-० असे चिरडले. हा आकडा ईस्ट बंगालचा चाहता आजही प्रत्येक वादात शेवटचे पान म्हणून टाकतो. पराभूत खेळाडूंना संतप्त जमावापासून लपावे लागले आणि मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिला. पुढच्याच वर्षी पी. के. मोहन बागानकडे गेले, मोहम्मद अकबर यांनी लीगच्या लढतीत सतराव्या सेकंदाला गोल केला, आणि १९७७ मध्ये क्लबने शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाबरोबर ईडन गार्डन्सवर आले आणि मोहन बागानने त्यांना २-२ असे रोखले.

हा ताप किती घातक आहे ते १६ ऑगस्ट १९८० रोजी कळले. ईडन गार्डन्सवर लीगचा सामना चालू होता. ईस्ट बंगालचे दिलीप पालित आणि मोहन बागानचे विदेश बोस यांच्यात झटापट झाली. दोघांना बाहेर काढण्यात आले, आणि ठिणगी प्रेक्षकांत पडली. त्या वेळी दोन्ही बाजूंचे लोक एकाच गॅलरीत मिसळून बसत. मारामारी, दगडफेक आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. हा दिवस बंगालमध्ये ‘फुटबॉलप्रेमी दिन’ म्हणून पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान करतात. त्यानंतर दोन बाजूंच्या गॅलऱ्या वेगळ्या झाल्या. मिसळून बसलेल्या माणसाशी निदान बोलता येते, पलीकडच्या गॅलरीकडे फक्त ओरडता येते. सुरक्षिततेसाठी हे करणे भागच होते, पण मैदानातला अड्डा त्याने संपवला हेही खरे.

खेळाच्या पद्धतीवरचा सर्वांत गाजलेला वाद १९९७ चा. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी खेळाडूंची हिऱ्याच्या आकाराची नवी, आक्रमक मांडणी आणली होती. ‘डायमंड’ हा शब्द त्या वर्षी कलकत्त्यातल्या वाण्यालाही ठाऊक झाला. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. होते. दत्त आणि पी. के. यांचे पूर्वीपासून पटत नव्हते. अमल दत्त बोलायला तिखट. फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला ‘चुंगचुंग’, सोसोला ‘शोशा’ म्हणजे काकडी, आणि ओमोलोला ‘ऑम्लेट’ म्हटले. १३ जुलै रोजी सॉल्ट लेक मैदानावर १,३१,७८१ प्रेक्षक आले. भारतात फुटबॉलला एवढी गर्दी त्याआधी झाली नव्हती, नंतरही नाही. ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला. त्यांतले तीन गोल बायचुंगचे. डायमंड चुकीचा होता की तो खेळायला लागणारी दमछाक खेळाडूंना झेपली नाही, यावर अजून दोन मते आहेत. निकालाने एखादी पद्धत खोटी ठरत नाही हे म्हणणे शास्त्राला धरून आहे, पण चार गोल खाल्ल्यावर ते पटवून देणे अवघड जाते.

त्याआधीच वादात घरबसल्या नवे पक्ष शिरले होते. १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनवर दिसला आणि मॅराडोनाने अर्धे शहर अर्जेंटिनाचे केले. पेलेंमुळे ब्राझीलचे भक्त आधीपासून होतेच. विश्वचषकाच्या वर्षी गल्ल्यांवर त्या देशांचे झेंडे लागू लागले. पुढे केबल आल्यावर युरोपातले क्लब आले, आणि नव्या पिढीतल्या मुलांना स्थानिक खेळ संथ वाटू लागला. जुन्या चाहत्यांनी यावर ईस्ट बंगालच्या २००३ च्या आसियान क्लब स्पर्धेतल्या विजयाचे उदाहरण दिले. जाकार्तात त्यांनी थायलंडच्या बीईसी टेरो सासानाला ३-१ असे हरवले होते. पण अपवाद म्हणूनच ते उदाहरण पुन्हा पुन्हा द्यावे लागले.

मग प्रश्न मालकीचा झाला. १९९८ मध्ये युनायटेड ब्रुअरीजने दोन्ही क्लबांत निम्मा वाटा घेतला. एकाच मद्यसम्राटाच्या पैशावर दोन वैरी खेळू लागले, तरी चाहत्यांनी ते सोसले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा शहराचा संघ म्हणून उतरला तो नवाकोरा अ‍ॅटलेटिको दि कोलकाता, म्हणजे एटीके. शतकाचा इतिहास असलेले दोन क्लब बाहेरच. १६ जानेवारी २०२० रोजी मोहन बागानने त्याच संघाशी विलीनीकरण जाहीर केले. ८० टक्के मालकी संजीव गोएंका यांच्या उद्योगसमूहाकडे गेली आणि नाव झाले ‘एटीके मोहन बागान’. ईस्ट बंगाललाही त्याच वर्षी सिमेंट कंपनीचा हात धरून लीगमध्ये यावे लागले.

या वेळचा वाद पूर्वीसारखा घटी-बांगाल नव्हता. तो मोहन बागानच्या घरातला होता. पैसा आला, चांगले परदेशी खेळाडू आले, मग तीन अक्षरांनी काय बिघडते, असे एक गट म्हणे. दुसऱ्याच्या लेखी ती तीन अक्षरे म्हणजे १८८९ वर दुसऱ्याची पाटी. त्या गटाने ‘रिमूव्ह एटीके’ अशी मोहीम चालवली आणि सामन्यांवर बहिष्कारही घातला. लीगमधली पहिली मोठी लढतही कोलकात्यात झाली नाही. कोरोनामुळे ती २७ नोव्हेंबर २०२० रोजी गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर, एकही प्रेक्षक नसताना खेळली गेली. १८ मार्च २०२३ रोजी, पुन्हा गोव्यातच, फातोर्डा मैदानावर संघाने बंगळुरूला पेनल्टीवर हरवून लीगचा चषक जिंकला. त्याच रात्री गोएंका यांनी नावातून ‘एटीके’ काढत असल्याचे जाहीर केले. क्लब ‘मोहन बागान सुपर जायंट’ झाला. आधीची तीन अक्षरे गेली, मागे दोन शब्द लागले. चाहते जिंकले असे म्हणावे लागेल, पण पुरते नाही.

दरम्यान गॅलरीतल्या ओरडण्याची जागा मोठमोठ्या चित्रफलकांनी घेतली होती. १९ जानेवारी २०२० च्या लढतीत ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी नागरिकत्वाच्या वादावर फलक उभारला. ही जमीन कागदांनी नव्हे, रक्ताने मिळवली आहे, असा त्याचा आशय होता. निर्वासित आजोबांची गोष्ट नातवंडांनी अशी पुन्हा मैदानात आणली.

१८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरँड कपमधली या दोघांची लढत व्हायची होती. त्या महिन्यात आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवरील अत्याचार आणि खुनाने शहर पेटलेले होते. बंदोबस्ताचे कारण देऊन सामना रद्द झाला. त्या संध्याकाळी मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन या तिन्ही क्लबांचे चाहते आपापल्या जर्सीत सॉल्ट लेक मैदानाबाहेर एकत्र जमले आणि न्यायाच्या घोषणा देऊ लागले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. १९ ऑक्टोबरला सुपर लीगमधली लढत त्याच मैदानावर झाली. गॅलऱ्या पुन्हा वेगवेगळ्या, रंगही वेगवेगळे. मोहन बागान २-० ने जिंकला.